कार्यकर्त्याची पक्षनिष्ठा
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात तळेरे येथे केलेले भाषण)



या व्यासपीठावरून दरवर्षी शिक्षण, विवाहातील खर्च, शिष्यवृत्ती अशा विषयांवर बोलण्याचा प्रघात आहे. यंदा कार्यकारी मंडळाने विषयाची निवड मजवर सोपविली आणि मी थोडा अवघड विषय घेतला. त्यास निमित्त झाले ते उद्याच्या सर्वसाधारण सभेपुढे येणाऱ्या ठरावाचे. कोणत्याही राजकीय पक्षाचा पदाधिकारी आपल्या मंडळाचा पदाधिकारी होऊ नये, असा तो ठराव आहे. मांडणारांचा हेतू शुद्ध आहे याविषयी मला संशय नाही. गेल्या काही वर्षांत सख्खे चुलतभाऊ गणपतीच्या आरतीला एकमेकांच्या उंबऱ्यावर चढेनासे झाले, एका वाडीतील दोन घरांत लग्नाच्या अक्षता थांबल्या, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. परंतु ज्या माणसाला दूर ठेवावयाचे त्याला आधी ओळखून घ्यावे, एवढ्यासाठी हा प्रपंच. पुढाऱ्यांविषयी वर्तमानपत्रे रोज लिहितात. मला बोलावयाचे आहे ते गावातल्या पुढाऱ्याविषयी : ग्रामपंचायतीचा सदस्य, सोसायटीचा संचालक, पंचायत समितीला एकदा उभा राहून पडलेला गृहस्थ, शाखेचा किंवा बूथचा प्रमुख. हा माणूस आपल्या पक्षात मनाने इतका का गुंततो, असा माझा प्रश्न आहे.

मी जुन्या अकरावीची परीक्षा दिलेला आणि पुढे जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत आयुष्य घालविलेला माणूस आहे. राज्यशास्त्राचे ग्रंथ मी वाचलेले नाहीत. सरकारी नोकर असल्यामुळे कोणत्याही पक्षाचा सभासद होण्याचा अधिकारही मला नव्हता. परंतु प्राथमिक शिक्षकाला एक जागा अशी मिळते की जेथून सर्व पक्ष सारख्याच अंतरावर दिसतात. ती जागा म्हणजे मतदान केंद्रावरील टेबल.

या प्रश्नाचे बाजारात मिळणारे उत्तर सर्वांना ठाऊक आहे. ठेके, पदे आणि पैसा. या उत्तरात तथ्य नाही असे म्हणण्याचा भोळेपणा मी करणार नाही. रस्त्याचे काम कोणाला मिळते आणि त्याच्या गळ्यात कोणते उपरणे असते, हे गावातल्या लहान पोरालाही सांगता येते. तथापि हे उत्तर फार थोड्या माणसांना लागू पडते. जिल्ह्यात ठेकेदार असतील शेकड्यांनी, कार्यकर्ते आहेत हजारांनी. शिवाय लाभासाठी आलेला माणूस लाभ सरताच जावयास हवा. आपल्या जिल्हा परिषदेची मुदत २०२२ च्या मार्चमध्ये संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ तेथे प्रशासकाचा कारभार राहिला. पंचायत समित्यांचेही तेच. त्या काळात वाटावयास ना तिकीट होते, ना सभापतिपद. उत्तर खरे असते तर या अवधीत पक्षांच्या बैठका ओस पडावयास हव्या होत्या. त्या पडल्या नाहीत. उलट भांडणे याच काळात अधिक कडवट झाली.

कायद्याचा धाक म्हणावा, तर तोही या माणसाला नाही. हरियाणातील गया लाल यांनी १९६७ साली पक्ष इतक्या झपाट्याने बदलले की त्यावरून ‘आयाराम गयाराम’ हा शब्दच देशाला मिळाला. पुढे १९८५ मध्ये घटनेत दुरुस्ती होऊन पक्षांतरबंदी आली, आणि आपल्या राज्याने १९८६ साली स्थानिक संस्थांच्या सदस्यांसाठीही तसा कायदा केला. पण हे कायदे बांधतात ते पक्षाच्या चिन्हावर निवडून आलेल्याला. ग्रामपंचायतीची निवडणूक आपल्याकडे पक्षचिन्हावर होतच नाही. तेथे पॅनेले असतात. एकाची निशाणी शिट्टी, दुसऱ्याची कपबशी. तरीही कोणते पॅनेल कोणत्या पक्षाचे हे मतदाराला विचारावे लागत नाही. ज्याला कोणताच कायदा बांधीत नाही, असा माणूस तीस-तीस वर्षे एका झेंड्याखाली राहतो. त्याला बांधणारे काही दुसरेच असले पाहिजे.

मतदानाच्या दिवशी पहाटे साडेपाच-सहाच्या सुमारास उमेदवारांचे मतदान प्रतिनिधी केंद्रावर येतात. पूर्वी रिकामी मतपेटी त्यांना दाखवून, कागदी मोहोर लावून, लाख-दोऱ्याने ती बंद करावी लागे. आता यंत्रावर त्यांच्यासमक्ष अभिरूप मतदान घ्यावे लागते आणि मोहोरांवर त्यांच्या सह्या घ्याव्या लागतात. जिंकणाऱ्या पक्षाचा प्रतिनिधी बहुधा उशिरा येतो, वारंवार बाहेर जातो, त्याच्याऐवजी दुसरा बसतो. हरणाऱ्याचा प्रतिनिधी वेळेवर येतो. निरनिराळ्या गावांत, निरनिराळ्या निवडणुकांत मी हे पाहिले आणि प्रथम मला याचे नवल वाटले. या केंद्रावर आपल्या उमेदवाराला चाळीस मते पडणार, हे त्याला पक्के ठाऊक असते. त्या चाळीस माणसांची नावे त्याला तोंडपाठ असतात. तरी सकाळी सातपासून संध्याकाळपर्यंत तो यादीवर पेन्सिलीने खुणा करीत बसतो, आणि शेवटी मतांच्या हिशोबाची प्रत घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवतो. एकदा दुपारच्या ओसाड वेळी मी अशा एका वृद्ध गृहस्थांना म्हटले, “थोडे घरी जाऊन जेवून तरी या.” ते म्हणाले, “गुरुजी, मी हय बसाक नाय तर आमचो कोणच उरलो नाय असा दिसतला.”

या एका वाक्यात मला प्रश्नाच्या उत्तराची पहिली दिशा सापडली. त्यांना मते मोजावयाची नव्हती. गावाच्या डोळ्यांसमोर असलेली एक खुर्ची रिकामी पडू द्यावयाची नव्हती.

आपल्या कोकणातील गावात खुर्चीला, म्हणजे मानाला, केवढे मोल आहे हे येथे सांगावयास नको. गावऱ्हाटी ज्यांनी पाहिली आहे त्यांना ठाऊक आहे की, पालखीला खांदा कोणी द्यावयाचा, तरंग कोणी धरावयाचे, गाऱ्हाणे कोणी घालावयाचे, होळीला पहिला हात कोणाचा, हे सर्व घराण्याने ठरते. बारा-पाचांचे मान पिढ्यान्पिढ्या त्याच उंबऱ्यांवर राहतात, आणि एका नारळाच्या मानावरून कोर्टात वर्षानुवर्षे दावे चालतात. आता ज्याच्या घराला यांतला कोणताच मान नाही, त्याने काय करावे? त्याचा आजा जत्रेत मागे उभा राहिला, बापही मागेच उभा राहिला. अशा घरातील पंचविशीच्या मुलाला एके दिवशी कोणी तालुक्याहून येऊन भर सभेत नाव घेऊन पुढे बोलावतो, गळ्यात उपरणे घालतो आणि हातात नियुक्तिपत्र देतो. त्या कागदाला बाजारात किंमत नाही. पण त्या घराच्या इतिहासात जन्माने न मिळालेला तो पहिला मान असतो. घरोघरी विद्यार्थ्यांची गणना करीत फिरताना ही नियुक्तिपत्रे मी चौकटीत बसवून देवाच्या तसबिरीशेजारी टांगलेली पाहिली आहेत. बाजारपेठेत वाढदिवसाच्या फलकावर आपले छायाचित्र तिसऱ्या रांगेत का होईना यावे, म्हणून धडपडणाऱ्या तरुणाला आपण हसतो. हसावे असे त्यात काही आहेच. पण त्याच्या आजोबाला कोणत्या रांगेत उभे राहावे लागत होते, याची आठवण ठेवून हसावे.

१९९२ च्या घटनादुरुस्तीनंतर स्त्रियांना राखीव जागा मिळाल्या. २०११ पासून आपल्या राज्यात निम्म्या जागा त्यांच्याकडे आहेत. भगिनींच्या बाबतीत हीच गोष्ट अधिक स्पष्ट दिसते. सुरुवातीस पतीने पुढे केल्यामुळे उभी राहिलेली बाई पाच वर्षांनी मुदत संपल्यावरही पक्षाच्या बैठकीला जातच राहते. घरात तिला अमक्याची सून म्हणून हाक मारतात. तेथे ताई म्हणून, तिच्या स्वतःच्या नावाने. यावर अधिक भाष्य मी करीत नाही. सभागृहात सुना आणि सासवा दोघीही बसल्या आहेत.

माना-इतकाच बळकट धागा उपकाराचा. आपला प्रदेश मनीऑर्डरीवर जगलेला. गिरणीत आणि गोदीत काम करणाऱ्या चाकरमान्याच्या जिवावर येथली चूल पेटली. त्या चाकरमान्याला मुंबईत रेशनकार्ड, पोराचा शाळाप्रवेश, रात्री-अपरात्री इस्पितळात खाट, यांसाठी जावयास दार हवे होते. १९६६ साली शिवसेना स्थापन झाल्यावर वस्तीवस्तीतील शाखा हे असे दार ठरले. त्याआधी आणि नंतरही कामगार संघटनांनी व इतर पक्षांनी हेच काम आपापल्या परीने केले. शाखेत कोणी पक्षाची घटना वाचून दाखवीत नसे. पण आईला दवाखान्यात नेताना कोण धावला, हे माणूस विसरत नाही, आणि तो चाकरमानी मे महिन्यात गावी आला की आपल्या पक्षासह येतो. कोकणात पक्ष घाटावरून किंवा दिल्लीहून आले असतील; घराघरांत ते शिरले ते बोटीने, एस्.टी.ने आणि पुढे रेल्वेने आलेल्या माणसांबरोबर.

समाजवाद्यांची रीत निराळी होती. १९४१ साली स्थापन झालेल्या राष्ट्र सेवा दलाने मुलांना आधी खेळ, कवायत आणि गाणी दिली. मते मागाहून आली. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या शाखेचा क्रमही तोच. लहानपणी ज्यांच्याबरोबर मैदानावर घाम गाळला, त्यांना म्हातारपणी सोडणे कठीण. माझ्या अनुभवाने सांगतो की, मुलाला पाढे विसरतात, पण शाळेतील बाकावरचा शेजारी विसरत नाही.

आणि मग सोसलेले दिवस. याचे उदाहरण शोधण्यासाठी जिल्ह्याबाहेर जावयास नको. वेंगुर्ल्याचे सुपुत्र बॅ. नाथ पै १९५७, १९६२ आणि १९६७ असे तीनदा राजापूर मतदारसंघातून प्रजा समाजवादी पक्षातर्फे लोकसभेत गेले. तो काळ संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचा आणि गोवामुक्तीचा. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पत्रादेवीला सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या, ती जागा आपल्या बांद्यापासून किती दूर आहे? १८ जानेवारी १९७१ रोजी बेळगावात नाथ पै गेले. मी तेव्हा शाळकरी मुलगा होतो. मोठी माणसे ओसरीवर गप्प बसून होती एवढे स्मरते. दोनच महिन्यांनी निवडणूक झाली. इंदिराजींच्या लाटेत साऱ्या देशात प्रजा समाजवादी पक्षाचे दोनच खासदार निवडून आले, आणि त्या दोघांपैकी एक राजापूरचे प्रा. मधु दंडवते होते. जन्माने अहमदनगरचे, नोकरीने मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयातील पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक. कोकणाशी त्यांचे नाते ते काय! तरी नाथ पैंच्या कार्यकर्त्यांनी त्यांना आपले मानले. पुढे आणीबाणीत दंडवते बंगळूरच्या तुरुंगात आणि त्यांच्या पत्नी प्रमिलाताई येरवड्याच्या तुरुंगात, अशी वेळ आली. त्या एकोणीस महिन्यांनी येथल्या कार्यकर्त्याला पक्षाशी जेवढे शिवून टाकले, तेवढे शंभर विजयांनी शिवले नसते.

आता एक चमत्कार पाहा. या लोकांचा पक्षच टिकला नाही. प्रजा समाजवादी पक्ष १९७१ मध्ये समाजवादी पक्षात मिळाला, तो १९७७ मध्ये जनता पक्षात, आणि १९८८ मध्ये जनता दल झाले. झोपडी गेली, नांगरधारी शेतकरी आला. शेतकरी गेला, चक्र आले. दंडवते पाच वेळा निवडून आले ते तीन निरनिराळ्या निशाण्यांवर. कार्यकर्ता मात्र तोच राहिला. १९९१ मध्ये दंडवते पराभूत झाले, नंतर त्या पक्षाची या भागातली शक्ती ओसरून गेली, आणि तरीही “आम्ही झोपडीवाले” असे म्हणणारे म्हातारे मला नोकरीच्या अखेरच्या वर्षांपर्यंत भेटत राहिले. ज्या पक्षाचे ना कार्यालय उरले ना निशाणी, त्याचे ते निष्ठावंत. यावरून मला असे वाटते की, आपण ज्याला पक्षनिष्ठा म्हणतो ती जाहीरनाम्यावर बेतलेली नसते. ज्या माणसांबरोबर आपण उभे राहिलो त्यांच्याशी, आणि तेव्हा आपण जे होतो त्याच्याशी, ती जडलेली असते.

पुढाऱ्यांमध्येही असा माणूस क्वचित दिसतो. सांगोल्याचे गणपतराव देशमुख १९६२ साली प्रथम आमदार झाले आणि अकरा वेळा विधानसभेत निवडून गेले, सर्व वेळा शेतकरी कामगार पक्षातर्फे. पक्ष आटत गेला. १९७२ आणि १९९५ मध्ये पराभवही झाला. मोठ्या पक्षांची दारे अशा माणसाला कधीच बंद नसतात. २०२१ साली देह ठेवीपर्यंत ते त्याच पक्षात होते. त्यांच्या मनात शिरून कारण सांगण्याचा अधिकार मला नाही. दिसते ते इतकेच की, सांगोल्यात पक्ष आणि गावोगावची माणसे यांची वीण इतकी घट्ट होती की एकाला सोडून दुसऱ्याला नेणे शक्य नव्हते.

प्रेमाविषयी बोललो, आता लाजेविषयी बोलले पाहिजे, कारण माझ्या मते ती प्रेमापेक्षा बळकट आहे. गाव लहान. ज्याच्याशी वीस वर्षे वैर केले, तोच पाणवठ्यावर, त्याच एस्.टी.त, त्याच तेराव्याला भेटणार. पक्ष सोडला तर उद्या तो काय म्हणेल, या एका विचाराने कित्येक माणसे नको असलेल्या पक्षात आयुष्य काढतात. मुलेही बापाचे वैर वारसाहक्काने घेतात. हा आपलाच दोष आहे असे मानू नये. आयर्लंडमध्ये १९२२-२३ साली यादवी युद्ध झाले. त्यात समोरासमोर उभ्या राहिलेल्या दोन बाजूंतून फिअना फॉल आणि फिने गेल हे दोन पक्ष निघाले. धोरणांत फारसा भेद उरला नाही तरी आजोबा कोणत्या बाजूला होता यावरून नातवाचे मत ठरत राहिले, आणि ते दोघे एका सरकारात बसावयास २०२० साल उजाडावे लागले.

मग पक्षांतर का होते? येथे मला आपल्या जिल्ह्यातील दोन प्रसंग घेणे भाग आहे. कोणाची बाजू घेण्याचा हेतू नाही, हे आधीच नमूद करतो. २००५ साली श्री. नारायण राणे शिवसेनेतून बाहेर पडून काँग्रेसमध्ये गेले आणि त्या वर्षाच्या मालवण पोटनिवडणुकीत पुन्हा निवडून आले. त्यांच्याबरोबर कार्यकर्त्यांचे थवेच्या थवे गेले. काही मागे राहिले. जाणाऱ्याला विचारले तर तो म्हणे, “ज्यांनी मला नावाने ओळखले, त्यांना सोडू कसा?” राहणाऱ्याला विचारले तर तोही जवळजवळ हेच म्हणे. फरक एवढाच की एकाला ओळखणारा माणूस गेला होता आणि दुसऱ्याला ओळखणारा राहिला होता. २०२२ च्या जून महिन्यात शिवसेना दुभंगली, तेव्हा याहून बिकट पेच पडला. पुढे २०२३ च्या फेब्रुवारीत निवडणूक आयोगाने नाव आणि धनुष्यबाण एका बाजूस दिले, दुसऱ्या बाजूच्या हाती मशाल राहिली. ज्याने आयुष्यभर भिंतीवर धनुष्यबाण रंगविला, त्याने निशाणीमागे जावे की माणसांमागे? दोन्हीकडचे स्वतःला निष्ठावंत म्हणवितात आणि समोरच्याला शेलक्या शब्दांनी संबोधितात. मला विचाराल तर वरच्या पायऱ्यांवर हिशोब झाले असतील, ते त्यांचे त्यांना ठाऊक; पण वाडीतल्या पायरीवर दोन्हीकडची बहुतेक माणसे निष्ठेनेच गेली, किंवा निष्ठेनेच राहिली. म्हणून तर भांडण इतके झोंबणारे झाले. व्यवहारापुरते आलेले लोक व्यवहार संपला की हसून चहा पितात.

या निष्ठेचे मी गुणगान करीत आहे असा समज होऊ नये. हिची एक मोठी खोट आहे. जो माणूस मानासाठी, उपकारासाठी आणि लाजेसाठी पक्षात राहतो, तो पक्षाला प्रश्न विचारीत नाही. उन्हाळ्यात वाडीचे पाणी आटते, कमी पटाची शाळा बंद करण्याचा कागद येतो, आंब्याला मोहोर येऊन करपतो. पण याविषयी आपल्याच पक्षाच्या नेत्याला भर बैठकीत विचारणारा कार्यकर्ता मी फार थोडा पाहिला. विचारणे म्हणजे कृतघ्नता, असे त्याला वाटते. नेत्यांनाही हे सोयीचे असते. मिळालेला मान त्याला पुढे आणतो आणि तोच मान त्याचे तोंड बंद करतो, ही गोष्ट आपल्या तरुणांनी मनात वागवावी असे मी त्यांना वडीलकीच्या नात्याने सांगतो.

आता ठरावाकडे वळतो. आपल्या मंडळाचे मंडप कोण घालते, रक्तदानाला माणसे कोण जमविते, मुंबईत कोणी वारले तर शव गावी आणण्यासाठी रात्रभर दूरध्वनी कोण करते, याची यादी सचिवांनी करून पाहावी. तींत निम्म्याहून अधिक नावे कोणत्या ना कोणत्या पक्षाच्या कार्यकर्त्यांची निघतील, असा माझा अंदाज आहे. ज्याला माणसांत उभे राहण्याची ओढ आहे, तोच येथेही उभा राहतो आणि तेथेही. ठराव आहे तसा संमत झाला, तर हे लोक आपले पक्षपद सोडून मंडळात राहतील असे कोणी समजू नये. त्यांना नावाने हाक मारणारे जे एक घर त्यांना सापडले आहे, ते सोडून ते येणार नाहीत. मंडळच सोडून जातील.

तरी ठरावकर्त्यांची चिंता मी वाऱ्यावर सोडीत नाही. म्हणून माझी उपसूचना अशी : ‘पक्षाचा पदाधिकारी’ या शब्दांच्या जागी ‘पक्षाच्या चिन्हावर निवडणूक लढविणारा उमेदवार’ हे शब्द घालावे, आणि बंदी अर्ज भरल्यापासून निकाल लागेपर्यंतच्या काळापुरती असावी. तसेच मंडळाच्या फलकावर, स्मरणिकेत व संमेलनाच्या मंडपात कोणत्याही पक्षाच्या नेत्याचे छायाचित्र लावू नये, अशी जोड तिला द्यावी. ही उपसूचना लेखी स्वरूपात, दोन अनुमोदकांच्या सह्यांसह, मी आज दुपारीच सचिवांकडे दिली आहे. अनुमोदकांपैकी एक मशालवाले आहेत आणि दुसरे धनुष्यबाणवाले. दोघांनी सह्या वेगवेगळ्या वेळी येऊन केल्या, पण कागद एकच आहे.